‘करण्यात येईल’ म्हणजे कोण करणार?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘राजकीय भाषणांची भाषा’. मी भाषेचा अभ्यासक नाही, आणि निवडणूक लढवण्याची माझी ऐपतही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर संगणकासाठी सूचना लिहितो. संगणकाची एक गंमत आहे, त्याला मोघम बोललेलं कळत नाही. ‘जमलं तर हे काम कर’ असं त्याला सांगता येत नाही. जमलं म्हणजे नेमकं काय झालं, हे आधी सांगावं लागतं. त्यामुळे दहा-बारा वर्षांत मला एक खोड लागली आहे. कुणी व्यासपीठावरून बोलायला लागलं की मी वाक्याचं क्रियापद शोधतो, मग कर्ता शोधतो, मग तारीख शोधतो. बहुतेक वेळा तिन्ही सापडत नाहीत.

तर आज त्या न सापडणाऱ्या गोष्टींबद्दल बोलू या.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. इंटरनेट चालतं ते काही लेखी नियमांवर. हे नियम जगभरचे इंजिनिअर मिळून ठरवतात. अनेक वर्षं एक अडचण होती. एक जण लिहायचा ‘असं केलं पाहिजे’, दुसरा वाचणारा समजायचा ‘केलं तर बरं’. दोन कंपन्यांची यंत्रं मग एकमेकांशी बोलायचीच नाहीत. म्हणून मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी दोन-तीन पानांचा एक छोटा दस्तऐवज लिहिला. त्याला आरएफसी २११९ म्हणतात. त्यात ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ अशा मोजक्या शब्दांचे अर्थ पक्के केले आहेत. ‘मस्ट’ म्हणजे करायचंच. ‘मे’ म्हणजे तुमची मर्जी. मधला ‘शुड’ सगळ्यांत मजेदार आहे. त्याचा अर्थ असा की, तसं न करण्याला एखादं सबळ कारण असू शकतं, पण परिणामांचा पूर्ण विचार करूनच वेगळा रस्ता धरायचा. म्हणजे सूट आहे, पण ती फुकट नाही. सूट घेणाऱ्यानं कारण द्यायचं.

मला नेहमी वाटतं, आपल्या नेत्यांच्या भाषणांना असं एक पान जोडलेलं असतं तर किती बरं झालं असतं!

इंग्रजीत अशा निसटत्या शब्दांना ‘हेज’ म्हणतात. १९७२ मध्ये जॉर्ज लेकॉफ या भाषाशास्त्रज्ञानं आपल्या एका निबंधात या शब्दांचा बारकाईनं विचार केला आणि तेव्हापासून ही संज्ञा रुळली. हेज म्हणजे कुंपण, झुडपांचं कुंपण. बोलणारा आपल्या वाक्याभोवती कुंपण घालून घेतो, म्हणजे उद्या कुणी जाब विचारायला आलं तर बाहेरच थांबेल. आपल्याकडे तर कुंपणानंच शेत खाल्ल्याची म्हण आहे. राजकीय भाषणात नेमकं तेच होतं. कुंपण इतकं वाढतं की आतलं आश्वासनच उरत नाही. मराठीत याला जुना शब्दप्रयोगही आहे, ‘नरो वा कुंजरो वा’. अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं सांगायचं, माणूस की हत्ती हे हळूच. ऐकणाऱ्यानं काय ऐकायचं ते ऐकलं, बोलणारा सत्यवादी तो सत्यवादीच राहिला.

आता आपल्या रोजच्या ऐकण्यातली काही कुंपणं पाहू.

पहिलं कुंपण, कर्ता गायब करण्याचं. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ कोण करणार? ‘दोषींची गय केली जाणार नाही.’ कोण नाही करणार? मराठीतली ही ‘करण्यात येईल’ची रचना सरकारी पत्रांतून भाषणात आली आणि तिथंच मुक्कामाला राहिली. या वाक्यात काम आहे, पण माणूस नाही. आणि ‘योग्य ती’ कार्यवाही म्हणजे कोणती, हे ठरवणारा तोच, जो वाक्यात नाही.

दुसरं, विचाराचं. ‘प्रस्ताव विचाराधीन आहे.’ ‘शासन सकारात्मक आहे.’ ‘याबाबत गांभीर्यानं विचार सुरू आहे.’ यात एकही खोटं नाही. विचार खरंच चालू असेल. पण विचाराला शेवट लागतो असं कुणी म्हटलं आहे? सकारात्मक असणं ही मनाची अवस्था आहे, तो निर्णय नव्हे.

तिसरं, ‘तत्त्वतः’. तत्त्वतः मान्यता मिळाली की हार-तुरे होतात, फलक लागतात. पैशाची तरतूद कधी, शासन निर्णय कधी, हे विचारणारा मग रंगाचा बेरंग करणारा ठरतो.

चौथं, तारखेशिवायचा काळ. ‘लवकरच’, ‘लवकरात लवकर’, ‘येत्या काळात’. येता काळ नेहमी येतच असतो.

पाचवं, जर-तरची माफी. ‘माझ्या बोलण्यानं कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ या वाक्यात बोलणाऱ्यानं काहीच केलेलं नाही. चूक झाली असेल तर ती ऐकणाऱ्याच्या भावनांची. उद्या कुणी आपल्या पायावर गाडी घातली आणि म्हणाला की ‘तुमचा पाय दुखला असेल तर क्षमस्व’, तर आपण काय म्हणू?

आणि सहावं, उसना आवाज. ‘असं बोललं जातं.’ ‘लोकभावना अशी आहे.’ ‘आमच्या कानावर आलंय.’ मी म्हणत नाही, लोक म्हणतात. हे कुंपण किती महाग पडू शकतं याचं एक उदाहरण देतो. २८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आपल्या वार्षिक भाषणात सांगितलं, सद्दाम हुसेननं अलीकडेच आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केला, असं ब्रिटिश सरकारला कळलं आहे. इंग्रजीत हे वाक्य सोळा शब्दांचं आहे. ‘आम्हाला माहीत आहे’ असं ते म्हणाले नाहीत. ब्रिटिश सरकारच्या तोंडी घातलं. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. जुलैमध्ये त्यांच्याच गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांनी मान्य केलं की हे शब्द भाषणात यायलाच नको होते. तोवर बगदाद पडलं होतं.

आपल्याकडे या उसन्या आवाजाचा एक चुलतभाऊ आहे, तो इथं बसलेल्या प्रत्येकानं ऐकला आहे. ‘विशिष्ट समाज’. ‘काही लोक’. ‘मी कुणा एका धर्माबद्दल बोलत नाही, पण...’ सभेतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं कुणाबद्दल चाललंय. टाळ्या त्यासाठीच पडतात. पण तक्रार करायला गेलात तर तुम्हालाच विचारतात, तुमचं नाव कुठं घेतलंय? इथं मोघम शब्द आश्वासनातून सुटण्यासाठी वापरलेला नसतो. तो इजा करून नामानिराळं राहण्यासाठी असतो. म्हणून मी म्हणतो, हा विषय आपल्यासाठी व्याकरणाचा नाही.

पण थांबा. इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल की जो ठणकावून बोलतो तोच प्रामाणिक. तसं अजिबात नाही. सगळ्यांत ठणकावून तर अफवा बोलतात. व्हॉट्सअॅपवर आलेल्या खोट्या निरोपात कधी ‘बहुधा’ हा शब्द वाचलाय?

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीचं पंडित नेहरूंचं भाषण आठवा. नियतीशी केलेल्या कराराची पूर्ती करण्याची वेळ आली आहे असं ते सांगतात आणि लगेच जोडतात की ही पूर्ती पूर्णपणे नाही, पण बऱ्याच मोठ्या अंशानं. जल्लोषाच्या त्या रात्री त्यांनी हे कुंपण का घातलं? कारण देशाची फाळणी झाली होती, पंजाब जळत होता. ‘पूर्ण’ म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. त्या दोन-चार शब्दांनी त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली नाही, उलट अपुरेपणाची कबुली दिली.

आपल्या परंपरेत तर याची शिस्तच आहे. हदीसचे अभ्यासक एखादी रिवायत सांगताना क्रियापद जपून निवडतात. सनद भक्कम असेल तर ‘काल’, म्हणजे ‘ते म्हणाले’. शंका असेल तर ‘रुविया’ किंवा ‘कीला’, म्हणजे ‘असं सांगितलं गेलं आहे’. या दुसऱ्या पद्धतीला ‘सीगा-ए-तमरीज’ म्हणतात. तमरीज शब्द ‘मरज’शी नातं सांगणारा, मरज म्हणजे आजार. रिवायत जरा अशक्त आहे हे क्रियापदावरूनच जाणकाराला कळतं. व्याकरण तेच, कर्ता गायब करण्याचं. पण हेतू उलटा. इथं विद्वान सांगतो की माझ्या माहितीची हद्द इथं संपते. व्यासपीठावरचा माणूस सांगतो की माझ्या जबाबदारीची हद्द सुरूच होत नाही.

मला वाटतं, हीच कसोटी आहे. कुठलाही ‘कदाचित’, ‘शक्यतो’, ‘बहुतांश’ ऐकला की एवढंच विचारायचं, हा शब्द माहितीची मर्यादा सांगतोय, की जबाबदारीची पळवाट काढतोय?

आता एका शब्दानं काय होतं, ते बघू. संविधानाचं उदाहरण घेतो, कारण तिथं प्रत्येक शब्द तोलून मापून आला आहे.

संविधानाच्या मसुद्यात प्राथमिक शिक्षणाचं कलम होतं. त्याची सुरुवात होती, प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत दुरुस्ती आली. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात आहे, तिथं इतर कलमांची भाषा ‘हक्का’ची नाही, म्हणून ते शब्द काढावेत, असा युक्तिवाद झाला. तो मान्य झाला. उरलं काय? चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्य दहा वर्षांत प्रयत्न करील. अनुच्छेद ४५. मार्गदर्शक तत्त्वांत मुदत घालून दिलेलं हे एकमेव कलम होतं. १९६० साली मुदत संपली. शिक्षण सगळ्यांपर्यंत पोचलं नाही. पण कलम मोडलं असं म्हणता येईना, कारण राज्यानं शिक्षण देण्याचं वचन दिलंच नव्हतं. प्रयत्नाचं दिलं होतं. आणि मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही, हे अनुच्छेद ३७ मध्ये लिहिलेलं आहेच.

पुढं २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद २१-क आला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना राज्य शिक्षण ‘देईल’. प्रयत्न हा शब्द गेला. २००९ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून अंमल सुरू झाला. एका क्रियापदाचा प्रवास साठ वर्षांचा. आणि ‘प्रयत्न’ पूर्ण गेला नाही बरं का. त्याच दुरुस्तीनं अनुच्छेद ४५ नव्यानं लिहिला. आता सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राज्य प्रयत्न करील असं तिथं आहे. अंगणवाडीतली मुलं अजून ‘प्रयत्ना’त आहेत.

हे मी एवढं रंगवून का सांगतोय? कारण ते माझ्या घरात घडलं आहे. आमच्या मोहल्ल्यातली उर्दू शाळा सातवीपर्यंतच होती. आपा सातवी झाली तेव्हा पुढं काय, हा प्रश्न होता. गावातलं हायस्कूल लांब, अब्बांची तयारी नाही. त्या वर्षी ईद मिलनाच्या कार्यक्रमात एक पुढारी आले. शीरखुर्मा घेतला आणि भाषणात म्हणाले, मुलींसाठी आठवीचा वर्ग सुरू करण्याबाबत सकारात्मक विचार सुरू आहे. खूप टाळ्या पडल्या. अब्बा घरी येऊन म्हणाले, वर्षभर थांबू या. आपानं पुस्तकांना कव्हरं घालून ठेवली होती. पुढच्या ईदला तेच पुढारी, तोच शीरखुर्मा, तेच वाक्य. तोवर आपाच्या हातात शिलाई मशीन आली होती. तिच्याच शिलाईच्या पैशांतून माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं आली.

ते पुढारी खोटं बोलले का? नाही. त्यांच्यावर खटला चालवावा असं एकही वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. तीच तर गोम आहे. ‘वर्ग होणार नाही’ असं ते म्हणाले असते, तर अब्बांनी कदाचित हायस्कूलचा विचार केला असता. मोघम आश्वासनानं माणूस नुसता फसत नाही, थांबून राहतो. नकार मिळालेला माणूस दुसरा रस्ता शोधतो.

समाज म्हणून आपण असेच थांबलो आहोत. मुस्लिमांच्या ५ टक्के आरक्षणाची कथा बघा. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातल्या ५ टक्क्यांना दिली नाही. म्हणजे दार अर्धं उघडं होतं. अध्यादेशाचा कायदा झाला नाही, मुदत संपली, तो गेला. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस विधान परिषदेत अल्पसंख्याक मंत्र्यांनी शिक्षणातलं आरक्षण देण्याचं जाहीर केलं. काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की असा प्रस्ताव अधिकृतपणे आपल्यापुढं आलेलाच नाही. दोन्ही वाक्यं एकाच सरकारची. आरक्षण हवं की नको, यावर या सभागृहात मतभेद असतील, असायलाही हवेत. पण कुठल्याही पक्षाकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं स्वच्छ उत्तर मिळण्याचा आपला हक्क यावर मतभेद नसावेत. घोंगडं भिजत ठेवण्यात सगळ्यांचा फायदा आहे, ज्याच्या अंगावर ते टाकायचं त्याचा सोडून.

आता यावर करायचं काय? संसदेनं एक उपाय केला आहे, आणि तो इंजिनिअरला आवडावा असा आहे. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे, राज्यसभेत १९७२ पासून. मंत्री सभागृहात जे बोलतात त्यातलं कुठलं वाक्य आश्वासन धरायचं, याची चक्क यादी आहे. आणि त्या यादीत कुठली वाक्यं असावीत? ‘बाब विचाराधीन आहे.’ ‘मी यात लक्ष घालीन.’ ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ ‘काय करता येईल ते पाहतो.’ म्हणजे जी वाक्यं निसटण्यासाठी बोलली जातात, तीच संसदेनं वचन म्हणून नोंदवून घेतली. ‘बघतो’ म्हणालात ना, मग काय बघितलंत ते तीन महिन्यांत सांगा. मुदतवाढ मागता येते, मागितली जातेही, आश्वासनं वर्षानुवर्षं पडूनही राहतात. पण वहीत नोंद असते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे.

अशी वही आपल्याला वॉर्डात ठेवता येईल की नाही? सभा झाली की त्याच रात्री दोघांनी बसायचं. कोण बोललं, नेमके शब्द काय, तारीख काय. ‘सकारात्मक आहोत’ म्हणाले तर तसंच लिहायचं, आपल्या मनातलं ‘देणार म्हणाले’ असं लिहायचं नाही. ही आपलीही चूक असते. आपण आशेपोटी कुंपण पुसून वाक्य घरी नेतो. तीन महिन्यांनी वही घेऊन जायचं आणि नम्रपणे विचारायचं, साहेब, विचार कुठवर आला?

आता शेवटचा आणि अवघड भाग. बोट आपल्याकडे वळवायचं आहे.

आपल्याकडे एक फार सुंदर शब्द आहे, इन्शाअल्लाह. सूरह कहफमधली शिकवण अशी आहे की ‘उद्या मी हे करीन’ असं म्हणताना अल्लाहची मर्जी असेल तर, हे जोडावं. त्याचा अर्थ मला असा समजला आहे की, माझा इरादा पक्का, माझी मेहनत पूर्ण, फळ माझ्या हातात नाही. पण आपण त्याचं काय केलंय? उधारी मागायला आलेल्याला ‘इन्शाअल्लाह जुम्म्याला’. मीटिंगला येणार का, ‘इन्शाअल्लाह बघू’. ऐकणाऱ्याला कळतं की हा येत नाही. नम्रतेचा शब्द आपण टाळाटाळीला जुंपला. पुढाऱ्याचं ‘लवकरच’ आणि आपलं हे ‘इन्शाअल्लाह’ यात मला फरक दिसत नाही. उलट आपलं जास्त गंभीर, कारण आपण त्यात अल्लाहचं नाव गुंतवतो.

आणि आता माझं स्वतःचं. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या एका बाईला नवऱ्यानं तलाक दिला. दोन लहान मुलं. जमातीची बैठक बसली. बुजुर्गांचं म्हणणं, इद्दतचे तीन महिने खर्च दिला, विषय संपला. आपा मला म्हणाली, ‘तू शिकलेला आहेस, तू बोल.’

मी तयारी केली होती. १९८५ चा शाहबानो निकाल, त्यानंतरचा १९८६ चा कायदा, सगळं वाचलं होतं. त्या कायद्यात लिहिलं आहे की नवऱ्यानं वाजवी आणि न्याय्य तरतूद ‘इद्दतच्या मुदतीत’ करावी. सगळे वाचायचे ‘इद्दतच्या मुदतीपुरती’. २००१ साली डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हा फरक उलगडून सांगितला. रक्कम द्यायची ती इद्दतच्या मुदतीत, पण तरतूद करायची ती तिच्या पुढच्या आयुष्याची. एका प्रत्ययात त्या बाईचं भविष्य होतं, आणि ते मला माहीत होतं.

मी उठलो आणि दहा मिनिटं बोललो. म्हणालो, शरियतचा आदर राखून, कायद्याचाही विचार करून, दोन्ही बाजूंनी समंजसपणे मार्ग काढायला हवा. काही जाणकारांचं मत थोडं वेगळंही आहे असं ऐकण्यात आहे. सगळ्यांनी मान डोलावली. एका बुजुर्गांनी पाठ थोपटली, मुलगा चांगला बोलतो म्हणाले. निकालाचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

घरी आल्यावर आपानं विचारलं, ‘तू कुणाच्या बाजूनं बोललास?’ मी म्हणालो, ‘आपा, तिच्याच बाजूनं.’ ती म्हणाली, ‘मला नाही कळलं. तिलाही नाही कळलं. आमच्या आठवीच्या वर्गाबद्दल बोलायचे ना, तसा बोललास.’

मित्रांनो, मला आजवर कुणी इतकं खरं ऐकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आपाला घेऊन मी त्या बाईंच्या घरी गेलो. ‘माझं चुकलं. मला माहीत होतं आणि मी घाबरून बोललो नाही,’ असं सांगितलं. जर-तर न लावता. पुढं त्या कोर्टात गेल्या तेव्हा कागद तयार करायला मी सोबत होतो. पण बैठकीतल्या त्या दहा मिनिटांची भरपाई त्यानं झाली असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी सगळी माणसं एकत्र बसली होती. तशी ती पुन्हा बसली नाहीत.

आपण ज्या चळवळीत आहोत तिच्या मागं १८ एप्रिल १९६६ ची सकाळ आहे. हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. मागणी काय होती? तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा. ‘याबाबत विचार व्हावा अशी काहींची भावना आहे’ असं त्या म्हणाल्या नाहीत. सात जणी होत्या, मागं कुणी नव्हतं, निसटायला जागा ठेवणं सगळ्यांत सोयीचं त्यांनाच होतं. सर्वोच्च न्यायालयानं एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. एक्कावन्न वर्षं लागली. पण त्या सात जणी काय म्हणत होत्या, याबद्दल या एक्कावन्न वर्षांत कुणालाही शंका आली नाही.

आपली पत्रकं आता वाचून बघा. किती ठिकाणी ‘समाजानं आत्मपरीक्षण करण्याची गरज आहे’ असं लिहितो? कुठल्या समाजानं, कुणी, कशाचं? बाहेरच्या द्वेषाला उत्तर देताना आपण स्पष्ट असतो आणि घरातल्या अन्यायावर बोलताना ‘तथापि’, ‘परंतु’, ‘व्यापक संदर्भात’ सुरू होतं. मला कारण ठाऊक आहे. आतलं बोललो की बाहेरचे त्याचा वापर करतात, ही भीती खरी आहे, खोटी नाही. तरीही त्यावर मोघम बोलणं हा इलाज नाही. नेमकं बोलणं हा इलाज आहे. ‘अमुक प्रथा चूक आहे, ती करणारे अमुक लोक आहेत, सगळा समाज नाही’ हे वाक्य नेमकं आहे. त्याचा गैरवापर करायला जास्त कष्ट पडतात.

तर तीन साध्या गोष्टी. भाषण ऐकताना कोण, काय, कधी हे विचारा, आणि उत्तर वहीत लिहा. कुणी ‘मला नक्की माहीत नाही’ म्हणाला तर त्याला हसू नका, तो प्रामाणिक असू शकतो. आणि स्वतः बोलायला उभे राहाल तेव्हा समोरच्या रांगेत माझी आपा बसली आहे असं समजा. भाषण संपल्यावर ती एकच प्रश्न विचारणार आहे.

आज ती खरोखरच इथं बसली आहे, मागच्या रांगेत. तेव्हा मी आता खाली उतरतो.